घरच्या हवामान केंद्राचा तापमान सेन्सर कुठे आणि कसा बसवावा

मे महिन्यातली दुपार. मोबाइलवर ३९ अंश, जवळच्या सरकारी केंद्रावर ३९.४ आणि आपल्या गच्चीवरच्या नव्याकोऱ्या केंद्रावर ४४.८. पहिला संशय सेन्सरवर जातो. तो बदलला, महागातला आणला, तरी आकडा तिथेच. कारण बहुतेक वेळा सेन्सर खोटं बोलत नसतो. तिथे खरंच ४४.८ अंश असतात. फक्त ते हवेचे नसतात, सेन्सरचे स्वतःचे असतात.

कोणत्याही सेन्सरला एकच गोष्ट कळते, स्वतःचं तापमान. त्याच्यापर्यंत उष्णता अनेक वाटांनी येते: थेट ऊन, जमिनीवरून उसळून आलेलं ऊन, तापलेल्या भिंतीची धग, खांबातून आणि वायरीतून सरकत येणारी उष्णता, शेजारच्या सर्किटची ऊब. हवा ही यातली केवळ एक वाट आहे. बाकीच्या सगळ्या वाटा बंद करून हवेची तेवढी मोकळी ठेवायची, हे या लेखातलं सगळं काम. म्हणून पैसे आणि मेहनत घालण्याचा क्रमही ठरून जातो: आधी जागा, मग शील्ड (सेन्सरला ऊन-पावसापासून जपणारं, पण हवा खेळू देणारं पांढरं आवरण), मग वारा आणि शेवटी सेन्सर. ०.२ अंश अचूकतेचा सेन्सर पांढऱ्या बंद डबीत ठेवला तर तो ४ अंशांची चूक अतिशय अचूकपणे दाखवतो.

जागा शोधताना

जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार हवेचं तापमान जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर मोजतात. घरासाठी १.५ मीटर धरा. ही उंची मनाने बदलू नका. निरभ्र दुपारी जमिनीलगत हवा जास्त तापते आणि निरभ्र रात्री जमिनीलगतच जास्त गार होते, त्यामुळे अर्ध्या मीटरवरचा आकडा आणि दीड मीटरवरचा आकडा यांची तुलनाच होत नाही. द्राक्षबागेत घडांच्या उंचीवर सेन्सर लावणारे बागायतदार वेगळ्या कामासाठी लावतात. त्यांना पानाभोवतीची हवा हवी असते. ते योग्यच आहे, पण तो आकडा 'गावचं तापमान' म्हणून कुणाला सांगू नये.

त्याच संघटनेने जागांचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गाच्या जागेपासून १०० मीटरच्या आत इमारत, काँक्रीट, डांबर किंवा पाण्याचा मोठा साठा नसतो, आणि सूर्य क्षितिजाच्या ५ अंश वर आल्यानंतर तिथे सावली पडत नाही. दुसऱ्या वर्गात हे अंतर ३० मीटर, तिसऱ्यात १० मीटर. चौथ्या वर्गात १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळातला निम्म्याहून कमी आणि ३ मीटरच्या वर्तुळातला ३० टक्क्यांहून कमी भाग असा तापणारा असला तरी चालतो, मात्र त्यापायी २ अंशांपर्यंत चूक गृहीत धरलेली असते. पाचव्या वर्गात ती ५ अंशांपर्यंत जाते. बंगल्याचं अंगण नीट निवडलं तर चौथ्या वर्गात बसतं, शेतातली जागा तिसऱ्या किंवा दुसऱ्या. शहरातली गच्ची जवळपास नेहमीच पाचव्या वर्गात. आपली जागा कोणत्या वर्गातली हे आधी प्रामाणिकपणे ठरवलं की पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

भिंत, झाड, गोठा, टाकी यांच्यापासून अंतर किती? अडथळ्याच्या उंचीच्या चौपट मिळालं तर उत्तम, दुपटीच्या खाली जाऊ नका. ४ मीटर उंच घरापासून ८ मीटर तरी लांब. झाडाची दाट सावली बरी वाटते, पण आंब्याखाली वारा अडतो, दुपार सौम्य दिसते, रात्री जमिनीची ऊब फांद्यांखाली अडकते आणि दिवसरात्रीतला फरकच मिटून जातो.

काही शेजार टाळायचेच: एसीचं बाहेरचं युनिट, पाणी तापवायचा बंब किंवा चूल, उकिरडा, गोठ्याची पत्र्याची भिंत, गाडी लावायची जागा, बोअरच्या पंपाची पेटी, सोलर हीटर. फवारा किंवा तुषार सिंचनाचं पाणी पोचेल अशी जागाही नको. ओला सेन्सर माठासारखा गार पडतो.

जमीन कशी असावी? कापलेलं आखूड गवत सर्वात चांगलं. पण गाव कोरडवाहू असेल आणि मे महिन्यात आजूबाजूला सगळीकडे उघडी काळी माती असेल, तर केंद्रापुरता हिरवागार चौकोन राखू नका. परिसर जसा आहे तशीच केंद्राखालची जमीन असली पाहिजे. खड्ड्यात किंवा ओढ्याच्या काठी सेन्सर बसवला तर हिवाळ्यात तिथे रात्रीची गार, जड हवा साचते. तो आकडा खरा असतो, पण त्या खोलगट भागापुरता.

उत्तरेच्या भिंतीवर विसंबू नका

'सेन्सर उत्तरेच्या भिंतीला लावा, तिथे ऊन येत नाही' हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांत तो निदान भर दुपारी तरी खरा ठरतो. महाराष्ट्र आणि गोव्यात मात्र तो नेमका उन्हाळ्यात फसतो. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. पुण्यात जूनमध्ये तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ थेट ऊन. शिवाय पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो.

वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीचं, म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीनचं दार उत्तरेला ठेवतात, ते वर्षभराच्या हिशेबाने. दार उघडून वाचन घेताना तापमापीवर ऊन पडण्याची शक्यता त्या बाजूने सर्वात कमी. पण त्या पेटीच्या चारही बाजूंना दुहेरी झडपा असतात, हे विसरायला नको. सेन्सरलाही चारही बाजूंनी, वरून आणि खालूनही संरक्षण लागतं. भिंतीची सावली हा त्याला पर्याय नाही. वर ती भिंत रात्रभर ऊब सोडत राहते, ते वेगळंच.

गच्चीच हाती असेल तर

इमारतीच्या माथ्यावर मोजलेल्या तापमानाचा अर्थ लावणं अवघड असतं, असं जागतिक हवामान संघटनेची मार्गदर्शिका स्पष्ट म्हणते. तापलेला स्लॅब, कठड्याने अडलेला वारा आणि उंचीनुसार झपाट्याने बदलणारं तापमान, सगळं एकाच जागी येतं. तरीही फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. मग नुकसान कमीत कमी करायचं.

सेन्सर स्लॅबपासून २ मीटर उंच घ्या. कठडा साधारण १ मीटरचा असतो, त्याच्या वर गेल्याशिवाय वारा लागत नाही. कठड्याला चिकटवून खांब बांधणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात. पण तिथे पश्चिमेचं ऊन खाल्लेली भिंत हाताशी असते. खांब शक्यतो मध्याकडे, टाकी, जिन्याची खोली आणि एसीची युनिटं यांच्यापासून किमान ३ मीटर दूर, आणि पश्चिमेकडून येणारा वारा अडणार नाही असा. गच्चीला पांढरा वॉटरप्रूफिंगचा थर असेल तर स्लॅब कमी तापतो खरा, पण खालून उसळणारं ऊन वाढतं. अशा गच्चीवर शील्डचा तळ बंद हवा.

बाल्कनीबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. तीन बाजूंनी बंद बाल्कनीतला आकडा हा घराचा आकडा असतो, हवेचा नव्हे. त्यापेक्षा सोसायटीच्या बागेत खांब उभारायची परवानगी काढा आणि वायरलेस सेन्सर तिथे ठेवा. खोक्यावर लिहिलेलं १०० मीटरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. दोन-तीन आरसीसी भिंती मध्ये आल्या की ते फारच कमी होतं, म्हणून खांब रोवण्याआधी सेन्सर हातात धरून जागेवरून सिग्नल तपासा.

शील्ड: घरी करायचं असेल तर

तयार शील्ड विकत घेताना एकावर एक रचलेल्या थाळ्यांची संख्या पाहा. पाच-सहा थाळ्यांची छोटी शील्ड शांत हवेत लवकर हार मानतात. आठ-दहा थाळ्यांची बरी. घरी करायची असेल तर कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिक बशा पुरतात. साहित्य असं:

- १६ ते १८ सेंमी व्यासाच्या, २ ते २.५ सेंमी काठाच्या पांढऱ्या बशा ९
- ५ मिमी जाडीच्या, पूर्ण लांबीभर आटे असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या सळया ३, प्रत्येकी ३० सेंमी
- १५ मिमी लांबीचे नायलॉनचे स्पेसर २४ (जाड प्लास्टिक नळीचे तुकडे चालतात)
- नट १२, वॉशर १२
- खांबाला धरायला पट्टीचा एल-ब्रॅकेट आणि यू-क्लॅम्प

सगळ्या बशा पालथ्या लावायच्या, म्हणजे काठ खाली येतो आणि पाणी निथळतं. वरच्या दोन बशा अखंड. त्या दोघींमधल्या हवेमुळे वरच्या बशीची धग खाली उतरत नाही. त्याखालच्या सहा बशांना ६४ मिमीच्या होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) मधोमध भोक पाडायचं. सर्वात खालची पुन्हा अखंड, पण तिला ६ मिमीची दहा-बारा भोकं. सळयांची तीन भोकं एका बशीवर मोजून पाडा आणि तीच बशी साचा म्हणून वापरा. एक भोक २ मिमी सरकलं की सगळा मनोरा तिरपा होतो.

जोडून झाल्यावर एक परीक्षा: शील्ड डोळ्यांसमोर धरून चहूबाजूंनी आणि थोडं वरून-खालून पाहा. कुठूनही आतला सेन्सर दिसला तर तिथून ऊनही त्याला पाहणार. स्पेसर १५ वरून १२ मिमीवर आणा. याच्या उलट, बशांमधून फुंकर मारली आणि पलीकडे हाताला लागलीच नाही, तर फटी फार बारीक आहेत.

तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, रंग: कुंड्यांच्या बशा बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्यावर रंग टिकत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून मुळातच पांढऱ्या घ्या. दुसरी, चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल. ते ऊन परतवतं हे खरं, पण जेवढी उष्णता शोषतं तेवढी बाहेर टाकायला फार कंजूष असतं, त्यामुळे उन्हात पांढऱ्या पृष्ठभागापेक्षा जास्त तापतं. तिसरी, पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा भोकं पाडलेला पांढरा डबा. वारा पडला की त्यात हवा कोंडते.

नैसर्गिक वाऱ्यावर चालणारं कोणतंही शील्ड शांत, कडक दुपारी कमी पडतं. एप्रिल-मे महिन्यात वारा सेकंदाला एक मीटरच्या खाली गेला की एक-दोन अंश, कधी त्याहूनही जास्त वाढीव दिसतात. त्यावर खरा उपाय पंखा. संगणकाचा ८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा सेन्सरभोवतीच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकाला असा बसवायचा की हवा खालून आत येईल, आधी सेन्सरवरून जाईल आणि मग पंख्यातून बाहेर पडेल. उलटा बसवला तर मोटरची ऊब थेट सेन्सरवर. विजेची सोय नसेल तर छोटं सौर पॅनेल जोडून पंखा केवळ दिवसा चालवा. ऊन असतानाच तर तो हवा असतो. पंखा बंद पडला की तेच शील्ड साध्या शील्डपेक्षा वाईट ठरतं, त्यामुळे त्याच्या आवाजाकडे कान हवा.

सेन्सर आणि वायर

बाजारात मिळणाऱ्या सेन्सरांपैकी डीएचटी११ घेऊ नका, त्याची चूक दोन अंशांपर्यंत असते. डीएचटी२२ अर्ध्या अंशाचा, पण पावसाळ्यात लवकर थकतो. डीएस१८बी२० सुद्धा अर्ध्या अंशाचा, स्टीलच्या नळीत बंद मिळतो, लांब वायरीवर चालतो, दुरुस्त करायला सोपा. मात्र बाजारात नकली चिप भरपूर, म्हणून एका वेळी तीन-चार घेऊन आपसांत जुळवून पाहा. आर्द्रताही हवी असेल तर एसएचटी३१: तापमानाला साधारण ०.२ अंश. बीएमई२८० वायुदाबासाठी छान, पण तो सतत चालू ठेवला की स्वतःच्या ऊबेने वर दाखवतो. त्याला मागेल तेव्हाच वाचन देणाऱ्या पद्धतीवर ठेवा, किंवा सरळ खालच्या पेटीत दाब मोजायला बसवा आणि त्याचं तापमान विसरा.

सेन्सर वाचून माहिती पाठवणारा ईएसपी३२ सारखा बोर्ड, बॅटरी, चार्जर यांतलं काहीही शील्डमध्ये ठेवायचं नाही. वाय-फायवर माहिती पाठवताना बोर्ड तापतो. तो शील्डच्या किमान ५० सेंमी खाली, वेगळ्या जलरोधक पेटीत ठेवा, वायरींची भोकं तळाला. एसएचटी३१ ला मात्र सेन्सरपासून या पेटीपर्यंतची वायर एक मीटरच्या आतच ठेवा, लांबली की वाचनं गळायला लागतात. डीएस१८बी२० ला डेटा आणि पॉझिटिव्हमध्ये ४.७ किलोओहमचा रोध लागतो. तो सैल झाला किंवा वीज क्षणभर गेली की ८५ अंश असा आकडा येतो आणि वायर सुटली की बऱ्याच प्रोग्रॅममध्ये उणे १२७. हे दोन आकडे नोंदीत शिरण्याआधीच गाळून टाका, नाहीतर महिन्याचं कमाल तापमान ८५ होऊन बसतं.

फटी बुजवायला सिलिकॉन वापरताना नळी हुंगून पाहा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं. त्याने तांबं गंजतं आणि आर्द्रता सेन्सर बिघडतो. न्यूट्रल प्रकारचं मागून घ्या.

'सेव्हन-इन-वन', म्हणजे सगळे सेन्सर एकाच सांगाड्यात असलेल्या तयार केंद्रांची एक मूळची अडचण आहे. वाऱ्याला १० मीटर उंची हवी, तापमानाला दीड, आणि दोन्ही एकाच सांगाड्यात जोडलेले. उंच लावलं तर तापमान बिघडतं, खाली लावलं तर वारा. यात तडजोड करत बसण्यापेक्षा सांगाडा वाऱ्यासाठी उंच लावावा आणि त्याच कंपनीचा तापमान-आर्द्रतेचा सुटा सेन्सर वेगळ्या शील्डमध्ये दीड मीटरवर ठेवावा. खर्च थोडा, फरक मोठा.

खांब उभारणी

१. जागेवर साधी काठी रोवा आणि एक दिवस सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ६ वाजता तिच्यावर कशाची सावली पडते ते पाहा. सावली सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूने येणार, हे लक्षात घेऊन उत्तरेकडचे अडथळेही बघा.

२. दीड इंची जीआय पाइप, लांबी २.१ मीटर. खड्डा ३० बाय ३० सेंमी, खोली ४५ सेंमी. काळी माती असेल तर ६० सेंमी, आणि पाइप त्या हिशेबाने लांब घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांब एका वर्षात वाकतो. खाली १० सेंमी मुरूम ठोकून त्यावर काँक्रीट.

३. काँक्रीट जमिनीच्या ५ सेंमी खालीच थांबवा आणि वर माती टाका. चबुतरा उघडा राहिला तर सेन्सरखाली एक तवा तयार होतो.

४. ओळंब्याने खांब सरळ करा, सात दिवस पाणी मारा आणि मगच वजन चढवा.

५. खांबापासून २५ ते ३० सेंमी बाहेर आलेल्या आडव्या बाहीवर शील्ड टांगा. देशावर उन्हाळा-पावसाळ्यातला वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून बाही पश्चिमेला. मग वारा आधी सेन्सरला भेटतो आणि तापलेल्या खांबाला नंतर. कोकणात खाऱ्या-मतलई वाऱ्यांची दिशा पाहून तोच विचार करा.

६. सेन्सर शील्डच्या मधोमध, वरून चौथ्या-पाचव्या बशीच्या पातळीला, कोणत्याही बशीला न टेकता लोंबता ठेवा. जमिनीपासून १.५ मीटर मोजायचे ते सेन्सरपर्यंत.

७. वायर शील्डमधून बाहेर पडल्यावर खाली झोळ देऊन मग पेटीत न्या, म्हणजे पाणी वायरीवरून वाहत आत जात नाही.

८. दर १० सेकंदांनी वाचन, एका मिनिटाची सरासरी, नोंद ५ मिनिटांनी. क्षणिक वाचनावरून कमाल-किमान ठरवू नका.

पडताळणी

खांबावर चढवण्याआधी सेन्सर बर्फाच्या पाण्यात तपासा. हे जलरोधक डीएस१८बी२० साठीच. एसएचटी३१ किंवा बीएमई२८० पाण्यात घातला तर तो गेलाच. फिल्टरच्या पाण्याचा बर्फ कुटून थर्मास काठोकाठ भरा आणि फटी भरतील इतकंच थंड पाणी घाला. पाण्यावर चार खडे तरंगताहेत, अशा ग्लासात शून्य अंश मिळत नाही. ४ अंशांचं पाणी सर्वात जड असल्याने तळाशी तेच बसतं, म्हणून सेन्सर तळाला टेकू न देता मध्ये धरून हलवत राहा. १५ मिनिटांनी आकडा स्थिर झाला की जो फरक असेल तो प्रोग्रॅममध्ये वजा करा. जलरोधक नसलेला सेन्सर अशा तपासलेल्या सेन्सरला बांधून एका बंद थर्मासमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी फरक वाचा.

आर्द्रतेसाठी घरचं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढंच पाणी घाला, विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात १२ तास. २५ अंशांच्या आसपास डब्यातली आर्द्रता ७५ टक्के होते.

खांबावर चढल्यानंतरची परीक्षा जास्त महत्त्वाची, आणि तिच्यासाठी दिवस निवडावा लागतो. कडक उन्हात सरकारी केंद्राशी तुलना करून फारसं काही कळत नाही, कारण त्या दिवशी दोन जागांचा आणि दोन शील्डांचा फरक एकत्र मिसळलेला असतो. जुलैमधला ढगाळ, वाऱ्याचा दिवस पकडा. ऊन नाही, वारा सगळीकडे हवा घुसळतोय; अशा दिवशी आपलं केंद्र आणि जवळचं चांगलं केंद्र यांत उंचीचा हिशेब वजा जाता अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक उरू नये. उंचीसाठी दर १०० मीटरला साधारण ०.६५ अंश धरा, पावसाळी ढगात थोडं कमी. या दिवशीही फरक उरला तर दोष सेन्सरमध्ये. या दिवशी जुळलं आणि एप्रिलच्या शांत दुपारी बिघडलं, तर दोष शील्ड किंवा जागेत. आणि जानेवारीच्या निरभ्र रात्रीचा फरक बऱ्याचदा दोष नसतोच. पुण्यात हिवाळ्यात पाषाण आणि एनडीएचं किमान मगरपट्ट्यापेक्षा कित्येक अंश खाली असतं, मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझच्या कमाल तापमानात दोन-तीन अंशांचं अंतर अनेकदा दिसतं. त्यामुळे जुळवून घेण्यासाठी आकड्यात फेरफार करण्याचा मोह टाळा.

तुलना करताना वेळही जुळवा. भारतीय हवामान विभाग किमान तापमान सकाळी साडेआठला आणि कमाल संध्याकाळी साडेपाचला नोंदवतो. घरची बहुतेक केंद्रं मध्यरात्री शून्यावर येतात. रात्री १२ च्या आधीच कडाका सुरू झाला तर घरच्या नोंदीत त्या दिवसाचं किमान पहाटेचं नसून रात्रीचं निघू शकतं.

आलेख काय सांगतो

आठवडाभराचा आलेख समोर ठेवला की बहुतेक चुका स्वतःची ओळख पटवून देतात.

सूर्योदयानंतर अर्ध्या-पाऊण तासात उंच टोक आणि मग घसरण: तिरपं ऊन फटीतून थेट सेन्सरवर पडतंय. हे टोक ऋतूनुसार वेळ बदलत असेल तर खात्रीच समजा.

कमाल तापमान दुपारी दोन-साडेतीनऐवजी साडेचार-पाचला, आणि रात्रीचं किमान शेजाऱ्यांपेक्षा दोन-तीन अंश वर: जवळ उष्णता साठवणारी भिंत, स्लॅब किंवा टाकी आहे. शील्ड बदलून हे जात नाही, खांबच हलवावा लागतो.

सूर्यावर ढग आला की आलेख ताबडतोब दोन-तीन अंश खाली, ऊन आलं की लगेच वर: हवा इतक्या झपाट्याने बदलत नाही, शील्डच तापतंय. थाळ्या काळवंडल्या असतील किंवा वारा मिळत नसेल.

पाऊस थांबून ऊन पडलं तरी तासभर आकडा खालीच: सेन्सर ओला आहे आणि पाणी उडून जाताना तो गार पडतोय. तिरपा पाऊस कुठून आत येतो ते पाहा.

ठरावीक अंतराने करवतीच्या दातांसारखे चढउतार, तेही दिवसरात्र: एसीचं युनिट. हे फक्त माहिती पाठवण्याच्या वेळेशी जुळत असतील तर मात्र बोर्डची ऊब.

आर्द्रता दिवसेंदिवस ९९-१०० वर अडकलेली: कोकणात जुलैत हे खरंही असू शकतं, पण ऑक्टोबरच्या दुपारीही तसंच राहिलं तर सेन्सरवर मिठाचा किंवा धुळीचा थर बसलाय. एसएचटी३१ च्या आतला छोटा हीटर काही मिनिटं चालवून पाहा. त्या काळातलं तापमान मात्र नोंदीतून वगळा.

वर्षभराची निगा

पांढरेपणा हेच शील्डचं काम. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गाळपाच्या दिवसांत काजळी बसते, मराठवाड्यात उन्हाळी धूळ, कोकणात शेवाळ. मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे खरं ऊन सुरू होण्याआधी, आणि पावसाळा संपल्यावर अशी दोनदा धुलाई पुरते, कारखान्याजवळ तीनदा. आधी सेन्सर काढून घ्या, मग थाळ्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालं की धुण्यात वेळ न घालवता बशा बदला.

कीटकांना शील्डसारखी सुरक्षित, कोरडी जागा सहसा मिळत नाही. कुंभारीण माशी मातीचं घर नेमकं सेन्सरवरच बांधते, कोळी फटींत जाळी विणतो, मुंग्या पेटीत अंडी घालतात, गांधीलमाश्या तर पोळंच लावतात. म्हणून झाकण उघडण्याआधी खांबाला दोन टिचक्या मारून थांबा. बारीक जाळी लावून कीटक थांबतात, पण वाराही थांबतो; त्यापेक्षा महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवणं बरं. मुंग्यांसाठी खांबाला ग्रीसचा पट्टा ओढा. माकडं येत असतील तर लोंबती वायर दिसू देऊ नका, पाइपच्या आतून घ्या.

एक वही किंवा फाइल ठेवा: जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, सेन्सरची जमिनीपासूनची उंची, चारही दिशांचे फोटो, सेन्सर बदलल्याची, शील्ड धुतल्याची, शेजारी बांधकाम सुरू झाल्याची तारीख. सेन्सर बदलायचा झाला तर जुना लगेच काढू नका. नवा त्याच शील्डमध्ये त्याच्या शेजारी बांधून पंधरा दिवस दोन्हींची नोंद घ्या, सरासरी फरक वहीत लिहा आणि मग जुना उतरवा.